शब्दकोड्यातून आपण नेमके काय शिकतो?

दैनिकात अग्रलेखाइतक्याच नियमाने येणारी, पण समीक्षकांनी फारशी मनावर न घेतलेली गोष्ट म्हणजे शब्दकोडे. नांदेड-लातूर भागातल्या शाळांमध्ये मधल्या सुट्टीत वर्तमानपत्राचे पान दुमडून कोडे सोडवणारे शिक्षक सहज भेटतात. 'यामुळे सामान्यज्ञान वाढते' असे ते सांगतात आणि विद्यार्थ्यांनाही तसा सल्ला देतात. एखाद्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कोड्याचे परीक्षण केले, तर हा दावा कितपत टिकतो ते पाहू.

आधुनिक शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. त्या दिवशी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. तेव्हापासून त्याची रचना दोन गोष्टींवर उभी आहे: एक सूचक वाक्य आणि दुसरा छेद, म्हणजे आडव्या व उभ्या शब्दांचा सामाईक चौकोन. सामान्यज्ञान येते ते सूचक वाक्यातून. म्हणून आधी त्याचाच विचार करू.

'१९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले लातूर जिल्ह्यातील गाव (३)' या धर्तीचे वाक्य घ्या. उत्तर किल्लारी. विद्यार्थी तीन चौकोन भरतो आणि पुढे जातो. त्याला मिळाले ते एक नाव. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. भूकंपाचा धोका सर्वांत कमी, असे नकाशात दाखवलेल्या प्रदेशात तो झाला, आणि म्हणूनच जगभरच्या भूशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. पुढे तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले तेव्हा सुमारे ३४० मीटर जाडीच्या बेसाल्टखाली अतिप्राचीन खडक लागला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळल्याने मनुष्यहानी इतकी मोठी झाली. २००२ साली सुधारलेल्या नकाशात या भागाचा धोका वरच्या श्रेणीत गेला. यातले काहीही त्या तीन चौकोनांत मावत नाही. ते मावावे अशी अपेक्षाही नाही. पण नाव कळले म्हणजे गोष्ट कळली, असा समज मात्र कोडे नकळत पक्का करते.

मग कोड्यात शिकण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि ते दुसऱ्या भागात, म्हणजे छेदात आहे. 'मराठवाड्यातील एक नदी (३)' असे वाक्य असेल तर मांजरा, तेरणा, दुधना, आसना, मन्याड ही पाचही उत्तरे बसतात. नुसत्या वाक्यावर निर्णय होत नाही. उभ्या शब्दात 'गणना' आले आणि त्याचा 'ना' आपल्या शेवटच्या चौकोनात पडला, की मांजरा व मन्याड बाद होतात. 'ना' आणि 'णा' यांतला फरक पाळणाऱ्याला तेरणाही सोडावी लागते. उरल्या दोन. दुसऱ्या उभ्या शब्दाने मधल्या चौकोनात 'स' दिला की आसना निश्चित होते. आपण काय केले? पाच परिकल्पना मांडल्या, स्वतंत्र पुराव्याने त्या एकेक करून नाकारल्या आणि उरलेली स्वीकारली. तीही तात्पुरतीच, कारण 'गणना' चुकले असेल तर सारे पुन्हा खोडावे लागेल. सुसान हॅक या तत्त्वज्ञ विदुषींनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वैज्ञानिक पुराव्यासाठी शब्दकोड्याचीच उपमा वापरली. सूचक वाक्य म्हणजे निरीक्षण, आणि आधी भरलेले शब्द म्हणजे आपले पूर्वज्ञान. दोन्हींशी जुळेल तेच उत्तर ग्राह्य.

छेद नसेल तर काय होते, याचा धडा मुंबई राज्याच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात प्रवेश फी घेऊन मोठी बक्षिसे देणाऱ्या शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला होता. एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच बसत आणि आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे जुळेल तो जिंकत असे. आर. एम. डी. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा स्पर्धेला कौशल्य न मानता जुगार मानले. कोडे आणि सोडत यांच्यातला फरक असा की कोड्यात उत्तर बरोबर का, हे सोडवणाऱ्याला स्वतः तपासता येते. बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावासाठी नावाजलेल्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षकांनी याचा जरूर विचार करावा. चार पर्यायांतून एक निवडताना अंदाजही चारात एकदा बरोबर ठरतो. छेद असलेल्या कोड्यात अंदाज फार काळ टिकत नाही.

या कसोटीवर आपली मराठी कोडी कशी उतरतात? इथे लिपीचा प्रश्न येतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात शब्दकोड्यांचा उल्लेख केला आहे. भाषेत काही अक्षरे आधीच्या अक्षरांवरून ओळखता येतात. ही अतिरिक्तता फार असेल तर मोठी कोडी रचता येत नाहीत. इंग्रजीत ती सुमारे निम्मी असल्याने ती जेमतेम जमतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. इंग्रजीत एका चौकोनात २६ पैकी एक अक्षर येते. मराठीत मात्र मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर येते. ३४ व्यंजने आणि बाराखडी धरली तरी ४०८ अक्षरे झाली, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आपला एक छेद इंग्रजीतल्या एका छेदापेक्षा बरेच अधिक सांगतो, पण तो जुळवणे तितकेच कठीण. म्हणून आपल्या कोड्यांत काळे चौकोन जास्त आणि छेद कमी. 'ऑक्सिजन' या शब्दातील 'क्सि'ला छेदायला 'मेक्सिको'पर्यंत जावे लागते, आणि 'प्रकाशसंश्लेषण' यातील 'श्ले'साठी 'आश्लेषा' नक्षत्र गाठावे लागते. साहजिकच रचनाकार विज्ञानाच्या संज्ञा टाळतो आणि 'कमळ', 'नवल', 'सागर' अशा सुट्या अक्षरांच्या शब्दांत रमतो. हा त्याचा आळस नव्हे, लिपीची अडचण आहे, हे मान्य करायला हवे.

जे मान्य करता येत नाही ते असे. विज्ञानाचे शब्द येतात तेव्हा सूचक वाक्ये अनेकदा चुकीची असतात. 'समुद्रातील सर्वांत मोठा मासा' म्हणून देवमासा, 'आठ पायांचा कीटक' म्हणून कोळी, 'एक पिवळा धातू' म्हणून पितळ, या प्रकारची वाक्ये वाचकांच्या पाहण्यात असतील. देवमासा सस्तन प्राणी आहे, कोळी कीटक नाही, आणि पितळ हे तांबे व जस्त यांचे संमिश्र आहे. गंमत अशी की चौकोन तरीही बिनचूक जुळतात. छेद अक्षरे तपासतो, वस्तुस्थिती तपासत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येते आणि चूक अधिकृत होते. विज्ञान आणि कोडे यांची वाट इथे वेगळी होते: निसर्ग दुसऱ्या दिवशी उत्तर छापत नाही, आणि सूचक वाक्य खरे आहे की नाही हेसुद्धा आपल्यालाच पाहावे लागते.

यावर शाळेत करण्यासारखे दोन उपाय आहेत. पहिला, विद्यार्थ्यांनी कोडी रचावीत, आणि नियम असा की वाक्यात दुसरे नाव न देता गुणधर्म किंवा कारण द्यायचे. 'एक वायू (२)' ऐवजी 'हवेत सुमारे ७८ टक्के, पण मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीशिवाय तुरीला हवेतून घेता येत नाही (२)' असे लिहिले, की नत्र हे उत्तर शेतापर्यंत जाऊन पोचते. 'फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, नावात मात्र मासा (४)' असे लिहिणारा विद्यार्थी देवमाशाबद्दल पुन्हा चुकणार नाही.

दुसरा उपाय वहीचा. रोजच्या कोड्यातून मिळालेला एक शब्द घ्यायचा आणि त्यावर एक प्रश्न स्वतः विचारायचा. समजा, 'जलदूत' हा शब्द मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ही रेल्वेगाडी. पहिल्या खेपेला १० वाघिण्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. भागाकार केला की माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी येते. चार चौकोनांतला शब्द इथे टंचाईचे माप होतो, आणि मांजरा धरण कोरडे का पडले हा पुढचा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतो.

तेव्हा शब्दकोडे वाईट नाही, पण त्याचे श्रेय आपण चुकीच्या खात्यावर मांडतो. त्यातली माहिती फुटकळ असते आणि कधीकधी सदोषही. त्याने लावलेली ताडून पाहण्याची सवय मात्र मोलाची आहे. विद्यार्थ्याने कोडे पूर्ण केले की 'किती शब्द आले?' याऐवजी 'कोणता शब्द खोडावा लागला, आणि कशामुळे?' असे शिक्षकांनी विचारावे. उत्तर सांगताना तो पुरावा सांगू लागेल, आणि विज्ञानाच्या तासाला आपल्याला तेच हवे असते.