प्रणय, युद्ध आणि सर्वनाम : ‘कॅसाब्लांका’ व ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’

दिनांक १४ जुलै १९४२ रोजी वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने, ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थान सोडावा, असा ठराव संमत केला. १६ ऑगस्ट रोजी याच जिल्ह्यातील आष्टी येथे पोलिसांच्या गोळीबाराने रक्त सांडले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘कॅसाब्लांका’ हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला, आणि त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, ९ डिसेंबर रोजी, उत्तर चीनमधील एका खेड्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस निधन पावले. या घटनांत कार्यकारणसंबंध शोधणे हास्यास्पद ठरेल. परंतु एकाच युद्धाच्या छायेत दोन प्रणयकथा आकार घेत होत्या, एक हॉलिवुडच्या कलागृहात व दुसरी प्रत्यक्ष जीवनात. आणि दुसरीचाही पुढे १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट केला. पहिल्या चित्रपटाकडे प्रेक्षक पुनःपुन्हा वळतो. दुसऱ्याचे नाव आदराने घेतले जाते, परंतु तो पुनःपुन्हा पाहिला जातो असे म्हणवत नाही. हा भेद केवळ वितरणाच्या सामर्थ्याचा आहे की कलाकृतींच्या घडणीतच त्याचे कारण आहे, हा प्रश्न विचारार्ह आहे.

‘कॅसाब्लांका’च्या लोकप्रियतेचे आपल्याकडे दिले जाणारे नेहमीचे स्पष्टीकरण ‘त्याग’ या एका शब्दात संपते. नायक रिक आपल्या प्रेयसीला तिच्या क्रांतिकारक पतीसोबत विमानात बसवून देतो, म्हणजे तो त्यागी, आणि म्हणून तो आपल्याला जवळचा, असा हा युक्तिवाद आहे. तो फारसा टिकत नाही. विवाहित स्त्रीने पतीला सोडून प्रियकरासह जावे, असा शेवट त्या काळच्या अमेरिकन चित्रसंहितेला मान्य होण्यासारखाच नव्हता. तेव्हा कथेची दिशा पुष्कळशी बाहेरूनच ठरलेली होती. शिवाय त्याग करणारा रिक हा निर्णय इल्साला न विचारता, तिच्या वतीनेही, घेऊन टाकतो. त्यागाच्या कथा जगात उदंड आहेत आणि त्यांतील बहुसंख्य विस्मृतीत गेल्या आहेत.

उंबेर्तो एको यांनी या चित्रपटाच्या आकर्षणाची निराळी मीमांसा केली. त्यांच्या मते, जुनी परिचित कथाबीजे इतक्या मोठ्या संख्येने येथे एकत्र येतात की त्यांचा परस्परांशी जणू संवाद सुरू होतो. हे मत मार्मिक आहे. तथापि ते चित्रपटाच्या कथाबीजांविषयी आहे, त्याच्या बोलण्याविषयी नाही. आणि ‘कॅसाब्लांका’ हा मुख्यतः बोलण्याचा चित्रपट आहे.

त्यातील भाषेची परिस्थिती मोठी विलक्षण आहे. स्थळ फ्रेंच सत्तेखालील मोरोक्कोतील बंदर, पात्रे डझनभर देशांची, आणि सर्वांची भाषा इंग्रजी. श्रेयनामावलीत ज्यांची नावे आहेत त्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले केवळ तिघे. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हे हंगेरीचे. पडद्यावर हिटलरच्या जर्मनीपासून पळणाऱ्यांच्या भूमिका करणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतःच त्या जर्मनीपासून पळून आलेले होते. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीतील परकेपणा हा अभिनयाने आणलेला नाही. अमेरिकेस निघालेले एक वृद्ध जोडपे सराव व्हावा म्हणून आपसांतही इंग्रजीतच बोलते, आणि किती वाजले एवढे विचारतानाही त्यांची भाषा अडखळते. प्रेक्षक हसतो. मातृभाषा मागे टाकून निघालेल्या दोन जिवांचे ते बोलणे आहे, हे त्याला हसून झाल्यावर जाणवते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरा मर्मबिंदू अन्यत्र आहे. रिक आणि इल्सा यांची पुनर्भेट इल्साच्या पतीसमक्ष होते. दोघे शिष्टसंमत चार वाक्ये बोलतात. पॅरिसमधील शेवटच्या भेटीचा उल्लेखही होतो. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनाम एकच असल्यामुळे या बोलण्यात पूर्वीची जवळीक आहे की आजचे अंतर आहे, हे व्याकरण सांगत नाही. हा प्रसंग मराठीत करून पाहावा. इल्सेने ‘तुम्ही’ म्हटले तर ते असत्य होईल. ‘तू’ म्हटले तर पहिल्याच क्रियापदाला सारे गुपित फुटेल. मराठी अनुवादकाला जो निर्णय पहिल्या वाक्यातच घ्यावा लागेल, तो मूळ संहिता अखेरपर्यंत लांबणीवर टाकू शकते. कथेतील समाजाची भाषा फ्रेंच, आणि त्या भाषेतही हा भेद आहे. म्हणजे इंग्रजीच्या योजनेमुळे जे झाकले गेले ते पात्रांच्या जगात झाकले जाणे कठीण होते.

याहून सूक्ष्म गोष्ट उत्तमपुरुषी अनेकवचनाची आहे. इंग्रजीत त्यासाठीही एकच शब्द. मराठीत रिकशी बोलताना इल्सा ‘आम्ही’ म्हणाली तर त्यात ती आणि तिचा पती येतात. ‘आपण’ म्हणाली तर ती आणि रिक. विमानतळावरील निरोपाच्या प्रसंगी हे सर्वनाम ज्या तऱ्हेने एका जोडीकडून दुसरीकडे सरकते, त्यातच त्या प्रसंगाची सारी वेदना साठलेली आहे. पॅरिसची स्मृती कायमची आपली आहे असे रिक सांगतो तेव्हा तो मराठीतला ‘आपण’ असतो. आणि त्याच क्षणी तो तिला ‘आम्ही’कडे परत पाठवत असतो. चित्रीकरण चालू असतानाही संहितेचे लेखन संपलेले नव्हते, हे सर्वज्ञात आहे. इंग्रिड बर्गमन यांच्या मुद्रेवरील अनिश्चितता आणि भाषेतील ही अनिश्चितता एकमेकींना पूरक ठरल्या. जो चित्रपट प्रेक्षकाला प्रत्येक वेळी पुन्हा निवड करावयास लावतो, तो पुन्हा पाहिला जातो.

युद्ध ही येथे केवळ पार्श्वभूमी आहे, असे मात्र समजू नये. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीत या चित्रपटाची जी आवृत्ती दाखविण्यात आली तीतून नाझी अधिकारी व त्याच्याशी निगडित प्रसंग वगळण्यात आले आणि इल्साचा पती नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ झाला. ध्वनिमुद्रणाने एवढे सर्व साधले. संपूर्ण चित्रपट जर्मन भाषेत येण्यास १९७५ साल उजाडावे लागले. शत्रूच काढून टाकल्यावर नायक प्रेयसीला कशासाठी सोडतो, याचे उत्तर त्या पहिल्या आवृत्तीपाशी काय उरले असेल?

येथे एक गोष्ट सहज नमूद करण्याजोगी आहे. गांधीजींनी १९४४ मध्ये जुहू येथे विश्रांती घेत असताना ‘मिशन टु मॉस्को’ हा चित्रपट पाहिला व तो त्यांना रुचला नाही. तो चित्रपट कर्टिझ यांचाच, आणि त्याचे लेखक हॉवर्ड कॉक हे ‘कॅसाब्लांका’च्या लेखकांपैकी एक. सेवाग्राम आणि हॉलिवुड यांचे अंतर वाटते तेवढे नव्हते.

आता शांताराम यांचा चित्रपट. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखनावर आधारलेल्या या चित्रपटात कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी व पत्नीची जयश्री यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे. शस्त्र न उचलता युद्धात उतरणारा नायक भारतीय चित्रपटाला डॉक्टराच्या रूपाने मिळाला, आणि हे या कृतीचे मोठेच बळ होय. परंतु जेथे जीवनाने गुंतागुंत दिली होती तेथे चित्रपटाने ती सोडविली. प्रत्यक्षात अपस्माराच्या झटक्यांनी आलेला मृत्यू पडद्यावर साथीच्या रोगाशी झुंजण्यातून येतो. प्रत्यक्षात दोन माणसे एका परक्या भाषेत हळूहळू जवळ आली. पडद्यावर चीनची कन्या सरावलेल्या हिंदुस्थानीत बोलते, आणि तिचा परकेपणा ही अभिनयाची एक लकब होऊन बसते.

हा निर्णय समजण्यासारखा आहे. सर्वांना कळेल अशी हिंदुस्थानी कोणती, हा वाद त्या काळी वर्ध्यातच सर्वांत उत्कटपणे चालला होता. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये आणि हिंदुस्थानी प्रचार सभा १९४२ मध्ये येथेच स्थापन झाली. चित्रपटाने त्या स्वप्नातील भाषा चीनपर्यंत नेली. तिची किंमत मात्र सोलापूरच्या घराने दिली. दिग्दर्शक, नायिका, संगीतकार आणि चरित्रनायक सारे मराठी, आणि घरचे बोलणेही हिंदुस्थानीच. जेथे चिनी, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषांचा ताण नाट्याला उपलब्ध होता, तेथे एक निर्विघ्न भाषा आली; आणि ‘कॅसाब्लांका’त जे अडखळण्यातून ऐकू येते ते येथे ऐकूच आले नाही. प्रेक्षक या प्रेमाचा आदर करतो, परंतु त्याविषयी त्याला शंका घेता येत नाही.

खुद्द इतिहास याहून अधिक सर्जनशील होता. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे पद जोडण्यात आले. कोटणीस हे ‘क दिहुआ’ झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या पुत्राचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत हा सरळ द्वंद्व समास आहे, दोन्ही पदे समान महत्त्वाची. चित्रपटाच्या हिंदुस्थानी शीर्षकात मात्र कोटणीसांच्या आडनावातील ‘ण’ देखील ‘न’ होऊन गेला आहे.