‘६४’ ही पाटी अपुरी आहे

लिनक्सच्या काही वितरणांत ६४-बिट लायब्ररी ‘लिब६४’ या कप्प्यात ठेवतात. ही व्यवस्था आम्हांला अपुरी वाटते. ६४ हा आकडा रुंदी सांगतो, प्रोसेसरची भाषा सांगत नाही. इंटेल आणि आर्म हे दोन्ही प्रोसेसर ६४-बिट असले तरी एकाच्या आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत. लोणावळ्याच्या घाटातील रेल्वे पूर्वी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चाले, आता २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते. तेथे ‘विजेचा मार्ग’ एवढी पाटी इंजिनाला पुरत नाही.

समजा, मावळातील एखाद्या शाळेत विद्यार्थी इंटेल संगणकावर रास्पबेरी पायसाठी प्रोग्राम बांधतो आहे. मार्ग चुकला, तर लिंकर परकी लायब्ररी वगळतो आणि ‘सापडली नाही’ म्हणतो. फाइल तर समोर दिसत असते! बिचारा स्वतःलाच दोष देतो.

डेबियनने २०१३ च्या सातव्या आवृत्तीत कप्प्याच्या नावातच प्रोसेसरचे कुळ घातले. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवर बेतलेली आहे. नावे लांबली, पण संदिग्धता गेली. मात्र हाताने दिलेला चुकीचा मार्ग ही पद्धतही सुधारत नाही. म्हणून शिक्षकांनी ‘फाइल’ ही आज्ञा आधी शिकवावी. लायब्ररी कोणत्या प्रोसेसरची, हे ती सांगते.