उन्हाने थंडावा: मग ती उष्णता जाते कुठे?

मागे इथल्याच एका संस्थेच्या नव्या सभागृहाचा प्रस्ताव माझ्या हाती आला. गच्चीवर तबकड्या बसवायच्या आणि उन्हाच्या उष्णतेवर सभागृह थंड ठेवायचं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘सर, हे म्हणजे आगीने आग विझवणं झालं.’ आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं म्हणून सांगतो, यात व्याघात काही नाही. 1878 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो नावाच्या गणिताच्या मास्तरांनी आरशांनी ऊन गोळा करून बर्फ करून दाखवला होता.

लिथियम ब्रोमाइड हे मीठ पाण्याची वाफ अधाशासारखं ओढतं. निर्वात टाकीत पाणी पाच-सहा अंशांना उकळतं आणि उकळताना भोवतालची उष्णता घेतं. तोच गारवा. वाफ पिऊन पातळ झालेला द्राव पुन्हा दाट करायचा, तिथे ऊन लागतं. यंत्र चोख आहे.

माझी तक्रार समर्थनाशी आहे. ‘ऊन जास्त तेव्हाच गरज जास्त, आणि ऊन फुकट.’ कचेरीपुरतं हे खरं. घरात मात्र एप्रिलमध्ये खरा उकाडा रात्री नऊ-दहाला जाणवतो, कारण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मग आपल्याला देत बसतो. (आई संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायची, चर्र आवाज यायचा.) थंड पाण्याच्या टाक्या साठवून यावर तोड निघते, म्हणून मी इथे अडत नाही.

अडतो ते पुढे. खोलीतली उष्णता आणि वर उन्हाची उष्णता, दोन्ही बाहेर टाकावी लागतात. साध्या शोषण यंत्रात एक भाग थंडाव्याला सुमारे 1.4 भाग ऊन लागतं, म्हणजे बाहेर टाकायचे 2.4 भाग! ती टाकतात कूलिंग टॉवरमध्ये, पाण्याची वाफ करून. घरातला एसी दीड टनाचा. हे यंत्र शंभर टनाचं धरा. हिशेब करून बघा, तासाला हजार-बाराशे लिटर पाणी नुसतं उडून जातं. आठ तासांत एक टँकर.

बडोद्याजवळ गोरजच्या मुनी सेवा आश्रमात शंभर शेफलर तबकड्यांच्या वाफेवर शंभर टनांची वातानुकूलन यंत्रणा उभी राहिली, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आपण तिची नक्कल कुठे करणार? लातूरला ऊन भरपूर. तिथल्या महानंद डेअरीत ‘अरुण’ नावाची 160 चौरस मीटरची तबकडी दूध पाश्चराइज करायला बसवली, आणि ते मला पटतं, कारण तिथे उष्णता उष्णता म्हणूनच वापरली जाते. थंडाव्याचं गणित निराळं. एप्रिल 2016 मध्ये आपल्या मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं ते याच लातूरला. जिथे ऊन सगळ्यात कडक, तिथेच पाणी सगळ्यात महाग, ही गोष्ट ‘फुकट’ या शब्दात कुठे बसते? आणि पॅनेलच्या विजेवर साधा एसी चालवला तर तो उष्णता हवेत टाकतो, पाणी मागत नाही. त्याच्याशी तुलना तरी करायची!

प्रस्तावात तबकड्या मोजल्या होत्या, वाचणारी वीज मोजली होती, फोटोही छान होते. पाण्याचा रकानाच नव्हता. मी समासात पेन्सिलीने ‘टँकर किती?’ एवढंच लिहून कागद परत दिले.