नकाशा दिसतो, पण वाचता येत नाही : मध्यस्थ सर्व्हरच्या प्रथेविषयी

वेबवरील नकाशांचा अभ्यास करणाऱ्यास एक विसंगती वारंवार आढळते. परक्या संस्थेच्या सर्व्हरवरील नकाशाचा थर आपल्या पृष्ठावर विनासायास उमटतो. पण त्याच थरातील एखाद्या तालुक्यावर क्लिक करून त्याची माहिती मागावी, तर ब्राउझर ती हाती येऊ देत नाही. याचे कारण असे की, वेब मॅप सर्व्हिसचे चित्र पृष्ठात साध्या प्रतिमेप्रमाणे बसविले जाते, आणि प्रतिमा कोठूनही आणण्यास ब्राउझरची हरकत नसते. माहितीची मागणी मात्र जावास्क्रिप्ट करते, व आलेले उत्तर तिला वाचू द्यावयाचे की नाही, हे नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून चालत आलेला एकाच उगमाचा नियम ठरवितो. प्रोटोकॉल, यजमान-नाव व पोर्ट यांपैकी एक जरी भिन्न असले, तरी उगम परका मानला जातो.

या नियमातून वाट काढण्याची जी साधने रूढ झाली, त्यांत मध्यस्थ सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी, हे सर्वांत लोकप्रिय होय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनलेयर्स या लायब्ररीच्या उदाहरणांत पायथनमध्ये लिहिलेली एक छोटी प्रॉक्सी असे. तिच्यात परवानगी असलेल्या यजमानांची यादी होती, आणि असे साधन सुरक्षेस धोकादायक असल्याची स्पष्ट सूचनाही होती. कर्त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी म्हणूनच शंका नाही. आक्षेप आहे तो अनुकरणाच्या रीतीवर. आपला सर्व्हर यादीत नसल्यास त्याचे नाव घालण्याऐवजी यादीच काढून टाकणे सोपे वाटते. आणि मग ती प्रॉक्सी कोणीही दिलेला कोणताही पत्ता उघडू लागते. ती विद्यापीठाच्या जाळ्याच्या आत बसलेली असल्याने, बाहेरून न दिसणारी अंतर्गत पृष्ठेही परक्यास वाचून दाखविते. नकाशावरील एका क्लिकसाठी मोजलेली ही किंमत फार झाली.

२००५ मध्ये बॉब इप्पोलिटो यांनी सुचविलेल्या जेएसओएनपीविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. तीत माहिती मागावयाची आणि परक्याचा कोड आपल्या पृष्ठात चालू द्यावयाचा, असा व्यवहार आहे.

मूळ गैरसमज निराळाच आहे. हा नियम नकाशाच्या मालकाची माहिती राखतो, असे पुष्कळ विद्यार्थी (आणि क्वचित अध्यापकही) समजतात. वस्तुतः तीच सेवा क्यूजीआयएससारखा प्रोग्रॅम निर्वेधपणे वाचतो. कारण तो ब्राउझर नव्हे. नियम राखतो तो वापरणाऱ्यास : त्याने अन्यत्र केलेल्या लॉगिनचा लाभ एखाद्या परक्या पृष्ठाने उठवू नये, एवढ्यासाठी. म्हणूनच, जी माहिती लॉगिनविना सर्वांस खुली आहे, तिच्या उत्तरासोबत ‘कोणत्याही उगमास अनुमती’ असे सांगणारी हेडरची एक ओळ पाठविल्याने मालकाचे काहीच जात नाही. जानेवारी २०१४ मध्ये डब्ल्यू३सीने शिफारस म्हणून मान्य केलेल्या कॉर्सचे सार हेच : अनुमती देणे हे माहितीच्या मालकाचे काम, मागणाऱ्याने तिची पळवाट शोधावयाची नाही. माहिती खुली केल्याचे घोषित करून ही ओळ न पाठविणाऱ्या संस्थांनी प्रकाशनाचे काम अर्धेच केले, असे म्हणावे लागते. विद्यार्थ्यांच्या हाती धोकादायक प्रॉक्सी येतात, याचा मोठा दोष त्यांच्याकडे जातो.

प्रतिमांना मिळालेली सूटही पुरी नाही. अनुमतीवाचून आलेली टाइल कॅनव्हासवर रेखाटली की कॅनव्हास दूषित ठरतो. नकाशा पडद्यावर दिसतो, पण प्रबंधात घालण्यासाठी तो चित्र म्हणून उतरवून घेता येत नाही. त्यावर उपाय म्हणून ओपनलेयर्समध्ये क्रॉसओरिजिन हा पर्याय दिला आणि सर्व्हरने अनुमती पाठविली नाही, तर टाइल मुळीच येत नाही. अशा वेळी सेवा चालविणाऱ्या संस्थेस पत्र लिहून ती ओळ मागावी. उत्तर येईपर्यंत प्रॉक्सी वापरणे भागच असेल, तर तीत यजमानांची यादी ठाम असावी, पुनर्निर्देशित पत्त्यांचीही त्या यादीशी तपासणी व्हावी, आणि काम संपताच ती बंद करावी.