'मागितल्यास देऊ' म्हणजे खुलं नव्हे

मागच्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेच्या सरांची ईमेल आली. "मॅडम, तुमच्या पेपरचा सारांश वाचला. आमच्या गावच्या हातपंपाचे आकडे त्यात आहेत का? पूर्ण पेपर उघडायला तीस-पस्तीस डॉलर मागतायत."

माझा विषय भूजलातलं फ्लोराइड. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर डाग येतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. म्हणजे सरांचा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. नमुने त्यांच्या तालुक्यातले, पैसा सरकारी, म्हणजे त्यांचाही. उत्तर मात्र कुलपात.

पेपरच्या शेवटी मीच लिहिलं होतं, 'वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल.' सगळेच लिहितात, मीही लिहिलं. आता विनंती आली म्हणून शोधायला बसले, तर एक्सेलच्या तीन फाइल्स निघाल्या: 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरी'. एका रकान्याला एकक नाही. एकाच गावाचं नाव दोन फाइल्समध्ये दोन प्रकारे. माझीच फाइल मला लागेना! चार दिवस गेले.

बरं, नियम नाहीत म्हणून असं झालं का? तसंही नाही. डीबीटी आणि डीएसटी या केंद्राच्या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच खुल्या प्रवेशाचं धोरण आणलं. त्यांच्या निधीतून झालेला पेपर स्वीकारला गेला की दोन आठवड्यांत लेखकाकडची अंतिम प्रत संस्थेच्या रिपॉझिटरीत जमा करायची. प्रकाशकाची अट असेल तर ती उघडायला जास्तीत जास्त एक वर्ष थांबायची मुभा. मला हे धोरण मनापासून आवडतं, कारण ते स्वस्त आहे. जर्नलला पैसे मोजून पेपर खुला करा, असं ते म्हणत नाही. उलट त्यासाठी आम्ही पैसे देणार नाही, असं स्पष्ट सांगतं. आणि ते बरोबरच आहे. 'नेचर'ने २०२० मध्ये एक पेपर खुला करायचा दर ९,५०० युरो जाहीर केला होता. महिना ३७,००० रुपयांच्या जेआरएफच्या हिशोबाने ती जवळजवळ दोन वर्षांची फेलोशिप झाली.

मग अडलं कुठे? विचारणारं कोणी नाही. आमच्या प्रोजेक्टच्या शेवटी पै-पैचा हिशोब द्यावा लागला, काचेच्या बाटल्यांच्या पावत्यासुद्धा. पेपर जमा केलात का, हे एकदाही कुणी विचारलं नाही. मीही पीएचडीच्या चौथ्या वर्षापर्यंत हे धोरण नीट वाचलं नव्हतं.

दरम्यान सरकारने दुसरा रस्ता धरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी मिळाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. मी ती रोज वापरते, तिला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल. पण ही सोय सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या लोकांना आहे. शाळेतले सर त्यात बसत नाहीत, पंचायतीतला पाणीपुरवठा कर्मचारीही नाही. वर्गणी भरून वाचायला मिळणं वेगळं आणि खुलं असणं वेगळं. वर्गणी संपली की दार बंद. रिपॉझिटरीतली प्रत तिथेच राहते.

डेटाच्या बाबतीत तर आपण आणखी मागे आहोत. अमेरिकेत एनआयएचने जानेवारी २०२३ पासून निधीच्या अर्जासोबतच डेटा कसा सांभाळणार आणि कसा वाटणार याचा आराखडा बंधनकारक केलाय, आणि त्याचा खर्च बजेटमध्ये धरता येतो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडेही जैविक डेटासाठी फरिदाबादला राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, पण माझ्या विहिरींच्या आकड्यांचं तिथे काम नाही. झेनोडोसारख्या ठिकाणी ते फुकट ठेवता येतात. म्हणजे खर्च जागेचा नाही, खर्च आहे तो माझ्या त्या चार दिवसांचा. शीट नीट करणाऱ्याला ना गुण मिळतात ना श्रेय. नुसती सक्ती केली तर लोक 'फायनल २' अपलोड करून मोकळे होतील.

सगळं उघडं करावं असंही नाही. कुणाच्या खासगी विहिरीचं अचूक ठिकाण छापलं तर त्या घराला त्रास होऊ शकतो. तिथे गावापर्यंतच माहिती द्यावी. पण ते ठरवून करायचं असतं. 'मागितल्यास देऊ' ही त्यातून काढलेली पळवाट आहे.

मी फाइल दुरुस्त करून सरांना पाठवली आणि झेनोडोवर टाकली. त्यांच्या गावचा नमुना आम्ही घेतलाच नव्हता. शेजारच्या गावचा होता, १.५ च्या वर. सरांनी लगेच विचारलं, "आमचं पाणी कुठे तपासून मिळेल?" त्यांना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवलं. पेपर छापून आला होता, त्याच दिवशी हा प्रश्न त्यांना विचारता आला असता.