‘इटर्नल यू’ : शोक, यंत्र आणि माहितीपटाचे दायित्व

हान्स ब्लॉक व मॉरिट्झ रीझेविक या जर्मन दिग्दर्शकद्वयाचा ‘इटर्नल यू’ हा माहितीपट २०२४ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रथम दाखविला गेला. दिवंगत आप्तांशी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संवाद साधू पाहणारी माणसे हा त्याचा विषय होय. ‘प्रोजेक्ट डिसेंबर’ या सेवेद्वारे मृत सुहृदाशी बोलणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीला तो नरकात असल्याचे उत्तर मिळते आणि ती श्रद्धाळू स्त्री हादरून जाते. सेवेचे निर्माते जेसन रोहरर मात्र या परिणामाचे दायित्व स्वतःकडे घेत नाहीत. शोक ग्राहकाचा, मोबदला सेवाचालकाचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही विसंगती माहितीपट प्रभावीपणे उघड करतो.

तथापि एका प्रश्नाचा येथे पुरेसा विचार झालेला नाही. २०२० मध्ये दक्षिण कोरियातील एमबीसी वाहिनीने एका मातेची तिच्या मृत कन्येच्या आभासी प्रतिमेशी भेट घडवून ती प्रसारित केली. ही भेट मुळातच कॅमेऱ्यासाठी योजिलेली होती. तीच दृश्ये प्रस्तुत माहितीपटात पुन्हा येतात व प्रेक्षकाला पुन्हा हेलावतात. म्हणजेच शोकाचे दर्शनीय वस्तूत रूपांतर करण्यात यंत्राइतकाच कॅमेराही सहभागी ठरतो. मृत व्यक्तीची संमती यंत्राला मिळत नाही, तशीच ती कॅमेऱ्यालाही मिळत नाही. तंत्रज्ञांना विचारलेला जबाबदारीचा प्रश्न माहितीपटाने स्वतःलाही विचारला असता, तर त्याची नैतिक भूमिका अधिक भक्कम झाली असती.