वृषाली कुणाची?

माघातल्या पाच रविवारी कोल्हापुरातून पायी निघून जोतिबाचा खेटा घालायचा, हा माझ्या आत्याचा जुना नेम. गेल्या माघात मीही तिच्याबरोबर होतो. कुशिरे मागे टाकून गायमुखाच्या चढाला लागलो, तेव्हा शेजारच्या एका सुनेचं कौतुक करताना ती म्हणाली, "वृषालीगत नवऱ्याच्या मागं उभी ऱ्हायली बघ." मी मास्तरकीच्या सवयीनं बोलून गेलो, "आत्या, वृषाली हे नाव व्यासांच्या महाभारतात नाही." ती थांबली. "न्हाई? मग कर्णाची बायको कोण?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना 'अधिकृत' या शब्दाकडे मला नव्यानं बघावं लागलं.

इंग्रजीत एक प्रकार चांगला रुळला आहे. गाजलेल्या कादंबरीतलीच माणसं घेऊन, मूळ लेखकाच्या वारसांच्या परवानगीनं, दुसरा लेखक जोडकादंबरी लिहितो. मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' १९३६ची. पुढचा भाग त्यांनी स्वतः लिहिला नाही. १९४९मध्ये त्या गेल्या. मग वारसांच्या संमतीनं १९९१मध्ये अलेक्झांड्रा रिप्ले यांची 'स्कार्लेट' आली आणि २००७मध्ये डोनाल्ड मॅकेग यांची 'ऱ्हेट बटलर्स पीपल'. मधल्या काळात पॅट कॉनरॉय यांच्याशी झालेली बोलणी अटींवरून फिसकटली. अ‍ॅलिस रँडल यांनी २००१मध्ये कुणालाही न विचारता तीच गोष्ट गुलाम स्त्रीच्या तोंडून सांगितली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टानं प्रकाशन थांबवलं, वरच्या कोर्टानं ती मनाई उठवली. परवानगी मिळालेली पुस्तकं मूळ घराची डागडुजी करतात, आणि न मिळालेलं पुस्तक त्या घराच्या मागच्या दारानं आत शिरतं. वारसदार कुठल्या पाहुण्याला पसंत करणार, हे उघड आहे.

आपल्याकडे वारस कोण? 'ययाति'ला आज कुणी जोडकादंबरी लिहायला घेतली, तर २०३६ सरेपर्यंत खांडेकरांच्या वारसांची परवानगी लागेल. खुद्द खांडेकरांना मात्र १९५९मध्ये 'ययाति' लिहिताना आदिपर्वाच्या कुठल्याच वारसाकडे जावं लागलं नाही. त्यांनी कचाला मोठं केलं. मूळच्या ययातीनं पुरूचं तारुण्य हजार वर्षं भोगलं, खांडेकरांच्या ययातीला ते जवळजवळ घेताक्षणीच परत करावंसं वाटतं. केवढा हा फरक! तरी कुणी त्यांना कोर्टात खेचलं नाही.

योगायोग असा, की महाभारताच्या तीन गाजलेल्या मराठी जोडकादंबऱ्या आमच्याच मुलखातल्या लेखकांच्या आहेत. 'ययाति' कोल्हापुरात स्थायिक झालेल्या खांडेकरांची. 'मृत्युंजय' (१९६७) मूळच्या आजऱ्याच्या, कोल्हापुरात शिक्षक असलेल्या शिवाजी सावंतांची. 'राधेय' (१९७३) कोवाडच्या रणजित देसायांची. आणखी एक तारीख मला महत्त्वाची वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पुरी झाली. व्यासांचं काय आणि मागाहून आलेलं काय, याची अर्ध्या शतकाची झाडाझडती संपली, आणि पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि सावंतांची 'मृत्युंजय' ही दोन पुस्तकं निघाली. घरोघरी कुठलं पोचलं, हे सांगायला नको.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. द्रौपदी भर स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' म्हणून कर्णाला झिडकारते, हे मी अनेक वर्षं व्यासांचंच म्हणून शिकवलं. पुढं विद्यापीठाच्या ग्रंथालयात चिकित्सक आवृत्तीचं आदिपर्व उघडलं, तर ते वाक्य संहितेतून काढून तळटीपेत ठेवलेलं. सावंतांनी ते कल्पनेतून काढलं नव्हतं, प्रचलित पाठात ते होतंच. पण ते तळटीपेत गेलं की सभापर्व बदलतं. विकर्ण द्रौपदीची बाजू घेतो तेव्हा कर्ण उठतो, तिला कुलटा म्हणतो आणि दुःशासनाला पांडवांची व तिची वस्त्रं काढायला सांगतो. आधीचा अपमान काढून घेतला, तर या बोलण्याला जखमेचं निमित्त उरत नाही. ते उघडं पडतं. व्यास कर्णाच्या मनात शिरून त्याची वकिली करत बसत नाहीत. तो काय बोलला आणि काय केलं, एवढंच समोर ठेवतात. कादंबरी कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलू देते, आणि एकदा माणूस स्वतःबद्दल मनातलं बोलू लागला की त्याच्यावर रागावणं अवघड होऊन बसतं. 'मृत्युंजय' मी चार वेळा वाचली, चारही वेळा रडलो. माझी तक्रार त्या रडण्याबद्दलच आहे. त्या दिवशी सभेत जिच्यावर वेळ आली, ती माझ्या डोळ्यांआड झाली.

देसाई या बाबतीत सावध होते. हा कर्ण महाभारताच्या पानांत शोधू नका, असं त्यांनी प्रस्तावनेत वाचकाला सांगून टाकलं. वाचकानं ऐकलं नाही, हा भाग निराळा.

मग अधिकार देतो कोण? जोतिबाच्या डोंगरावर मला याचं उत्तर पायाखालीच सापडलं. करवीरमाहात्म्य स्वतःला पद्मपुराणाचा भाग म्हणवतं. कुणी लिहिलं, हे सांगत नाही. परवानगी घेण्याऐवजी मूळ ग्रंथाच्या नावातच जाऊन बसायचं, ही आपली जुनी रीत. खेट्याची कथाही तशीच. केदारनाथ हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा त्यांना थांबवायला अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत आली, असं सांगतात. लाखो पाय त्या कथेवर चालतात, तिला आणखी कुणाची सही लागत नाही. देवळाच्या आवारातही हेच. केदारलिंगाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३०मध्ये जुन्याच्या जागी बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८मध्ये. गुलालात न्हालेल्या माणसाला मूळ कुठलं नि जोड कुठली, हा प्रश्न पडत नाही. देवळाच्या बाबतीत ते मला मान्य आहे. पुस्तकाच्या बाबतीत नाही. कारण इथं जुनं देऊळ पाडलेलं नाही, ते कपाटात आहे आणि आपण ते उघडत नाही.

पुढच्या रविवारी मी पिशवीत स्त्रीपर्वाचं भाषांतर घेतलं. गायमुखाच्या तळ्याशी टेकलो तेव्हा आत्याला त्यातला एक प्रसंग सांगितला. युद्ध संपलंय. गांधारी कृष्णाला रणभूमी दाखवते आहे. एका प्रेतापाशी एक बाई पडते, उठते, पुन्हा पडते. देहाचे लचके तोडलेले आहेत. ती वृषसेनाची आई, कर्णाची बायको. बस, एवढंच. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला म्हणतो, की सूतकुळातल्या बायकांशी माझं लग्न झालंय, मला मुलं-नातवंडं आहेत, ही नाती मी तोडणार नाही. तिथंही त्या बायकांची नावं नाहीत.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग पायांतला काटा काढत म्हणाली, "एवढी रडली, तरी नाव न्हाई तिला?"

"नाही."

"मग मी वृषालीच म्हणणार," ती म्हणाली. "पर ते रडणं परत एकदा वाच. त्या पुस्तकात असं नव्हतं."